डोकेदुखीवर नैराश्याची गोळी का?

डोकेदुखीसाठी अमिट्रिप्टिलिन लिहून दिले, की औषधाच्या दुकानात कळते, ही तर नैराश्याची गोळी! ‘मला काय वेड लागले?’ म्हणून रुग्ण ती फेकून देतो. हा गैरसमज होय. अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी वारंवार उठू नये म्हणून ही गोळी रात्री अल्प मात्रेत देतात. गुण यायला काही आठवडे लागतात.

मात्र एकाच डोळ्यामागे असह्य कळ, त्याच डोळ्यातून पाणी, रोज ठराविक वेळी १५ मिनिटे ते ३ तास, ही ‘क्लस्टर’ डोकेदुखी. तिच्यावर ही गोळी फारशी चालत नाही. कळ उठताच मास्कने शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १२ लिटरप्रमाणे १५ मिनिटे द्यावा लागतो. कळा टाळण्यासाठी ईसीजी काढून व्हेरापामिल देतात.

हेमलकशाला १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. पण भामरागडच्या जंगलपट्टीत मेंदूविकारतज्ज्ञ दूरच. म्हणून माझे मत असे, की आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनीच हा फरक ओळखावा. रुग्णांनीही दुखणारी बाजू, वेळ, डोळ्यातील पाणी यांची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. काचबिंदू वा हृदयविकार असल्यास आधी सांगावे. गोळी आपल्या मनाने सुरू करू नये, आपल्या मनाने बंदही करू नये.