वाया जाणाऱ्या धगीची वीज

बालमित्रांनो, हळद निघाली की आपल्या वसमत, औंढा भागात शेताशेतांत ती शिजवायचं काम सुरू होतं. वाफेवर हळद शिजते, पण बरीचशी धग हवेत निघून जाते. त्या धगीची वीज करता आली तर?

करता येते, बरं का! १८२१ साली जर्मनीतल्या सेबेक या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंची टोकं जोडली. एक जोड गरम केला, दुसरा थंड ठेवला. जवळची होकायंत्राची सुई हलली! उष्णतेने धातूत वीज वाहिली होती. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरही उष्णतेपासून अशीच वीज तयार केली जाते.

मग गावोगावी हे का होत नाही? उत्तर आहे इलेक्ट्रॉनांच्या 'मजल्यां'त.

एक दुमजली शाळा डोळ्यांपुढे आणा. खालचा मजला मुलांनी गच्च भरलेला, वरचा रिकामा. ही मुलं म्हणजे इलेक्ट्रॉन. खाली हलायलाही जागा नाही. जिना चढून वर गेलं, की पळायला मोकळं! जिना चढायची ताकद देते उष्णता. गरम टोकाकडून इलेक्ट्रॉन थंड टोकाकडे पळतात आणि विजेचा दाब तयार होतो.

जिना फारच उंच असला, तर वर कुणी पोचतच नाही. आणि दोन्ही मजले एकमेकांना टेकलेले असले तर? तरीही पंचाईत! वरचे ऋण इलेक्ट्रॉन आणि खाली रिकाम्या झालेल्या धन जागा, दोन्ही थंड टोकाकडे सरकतात. एकाचा परिणाम दुसरा खोडतो. ग्राफीनचं असंच आहे. २००४ साली साध्या चिकटपट्टीने शास्त्रज्ञांनी कार्बनचा हा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सोलून काढला. त्यातून वीज झकास वाहते, पण त्याचे मजले टेकलेले. शिवाय उष्णताही भरभर पसरते, त्यामुळे गरम-थंड हा फरकच टिकत नाही.

गंमत अशी, की हे मजले बदलता येतात. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घेतला, की त्याचा जिना जास्त उंच होतो. पदार्थ तोच, फक्त जाडी बदलली! पदार्थाचे अतिपातळ थर केले तर उष्णतेपासून वीज जास्त मिळू शकेल, असं हिक्स आणि ड्रेसेलहाउस यांनी १९९३ साली अमेरिकेत गणिताने दाखवलं.

दुसरी वाट मिसळणीची. प्रा. कनिष्क विश्वास आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेले प्रा. उमेश वाघमारे बंगळुरूला संशोधन करतात. चांदी, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या संयुगात त्यांच्या गटाने थोडं कॅडमियम मिसळलं. अणू नीट रांगेत आले, विजेची वाट सोपी झाली आणि उष्णतेची अवघड! हे संशोधन २०२१ साली प्रसिद्ध झालं.

अजून अशी साधनं महाग आहेत आणि उष्णतेतला थोडाच भाग विजेत बदलतो. म्हणूनच नव्या पदार्थांचा शोध चालू आहे.

आता तुमचं काम. गावात धग कुठे कुठे वाया जाते, त्याची यादी करा. प्रत्येक ठिकाणी गरम बाजू कोणती, थंड बाजू कोणती, तेही लिहा. यादी आईबाबांना आणि गुरुजींना दाखवायला विसरू नका!