जवाई तिकडे काय करतात?

किरनापुरात कुणाची मुलगी परदेशात नोकरीला लागली की आपण पेढे वाटतो. तिच्यासोबत जाण्यासाठी जवाईबापूंनी इथली नोकरी सोडली की मात्र आवाज खाली येतो, आणि दर लग्नात तोच प्रश्न निघतो: "जवाई तिकडे काय करतात?"

उत्तर बहुधा व्हिसात दडलेले असते. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्या मुलीचा नवरा एच-४ व्हिसावर जातो. त्याला राहता येते, शिकता येते. कमावता येत नाही. २०१५ पासून काहींना कामाचा परवाना मिळतो, पण सहसा बायकोच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० हा अर्ज मंजूर झाल्यावरच. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुना परवाना काही काळ आपोआप चालू राहायचा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सवलत नाही. मुदतीत नवे कार्ड आले नाही, तर लागलेली नोकरीही थांबवावी लागते. इथल्या कंपनीचे काम तिकडून लॅपटॉपवर करू, असे अनेकांना वाटते. वकिलाला विचारल्याशिवाय तसे करणे धोक्याचे आहे.

हाच माणूस बायकोच्या ब्लू कार्डामुळे जर्मनीत गेला, तर त्याला नोकरी करता येते. तिथे अडते ते भाषेपाशी. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या मुलीच्या नवऱ्यालाही काम करता येते. म्हणजे रिकामा बसलेला प्रत्येक जवाई आळशी नसतो.

खरे तर एच-४ची ही अडचण वर्षानुवर्षे आपल्या सुनांनी सोसली. तेव्हा आपण तिला संसार म्हटले, सून तिकडे काय करते हे कुणी विचारले नाही. आणि बायकोच्या घरी राहणे आपल्या भागाला नवे थोडेच आहे? गोंड समाजात लमसेना होऊन मुलगा सासऱ्याच्या घरी राहतो, शेतात राबतो. त्याच्या हाताला काम असते. एच-४वरच्या जवायाला घरचा स्वयंपाक, मुलांची शाळा सांभाळूनही ते काम वाटत नाही, कारण आपल्यालाही ते काम वाटत नाही.

सोयरीक जुळवताना आपण मुलीचा पगार विचारतो, कंपनी विचारतो. व्हिसा कोणता आणि नवऱ्याला त्यावर काम करता येईल का, हे अजून कुणी बैठकीत विचारल्याचे आमच्या ऐकण्यात नाही. मुलाच्या राजीनाम्याचा विषय तर तिकीट निघाल्यावर निघतो.