वीस रुपयांत काय तपासतात?

जबलपूरच्या नेपियर टाऊनमधल्या किंवा गोलबाजारच्या मराठी घरांत हल्ली वाढदिवसाला एक नवीच भेट येते. पुण्याला नाहीतर बंगळूरला असलेली मुलं आईवडिलांसाठी मोबाईलवरून ‘फुल बॉडी चेकअप’ बुक करतात. सकाळी सातला बॅग लटकवलेला एक पोरगा दारात उभा राहतो. दंडाला रबर आवळतो, तीन-चार नळ्या रक्त भरून घेतो, लघवीची बाटली उचलतो आणि स्कूटरला किक मारतो. संध्याकाळी सत्तर-ऐंशी आकड्यांची पीडीएफ येते, त्यातले चार-पाच लाल. घरात रात्रभर झोप नाही. या सगळ्या प्रकारात डॉक्टर मात्र कुठेच नसतो.

हा तमाशा बघून वैतागलेला एक शहाणा वर्गही आहे. दुखत-खुपत नसताना डॉक्टरकडे जाणं ही नसती उठाठेव, आणि आता तर शास्त्रानेच तसं सांगितलंय, असं त्याचं म्हणणं. हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कोक्रेन’ या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१९ साली प्रौढांच्या सर्वसाधारण आरोग्यतपासणीवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले. पंधरा प्रयोगांचे निकाल आणि अडीच लाखांवर माणसं. तपासणीला बोलावलेले आणि न बोलावलेले यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक जवळपास शून्य. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९७९ मध्ये, कॅनडातल्या तज्ज्ञगटाने वार्षिक तपासणीचा सरसकट रिवाज सोडून द्या, असा सल्ला दिला होता.

सल्ला खरा, पण अर्धाच सांगितला जातो. सरसकट सोडा आणि वय, धोका बघून नेमकं तपासा, असं तो गट म्हणाला होता. डॉक्टरकडे फिरकूच नका, असं नव्हे. कोक्रेनने पाहिलेले प्रयोगही बहुतेक युरोप-अमेरिकेतले. तिथे ज्यांना बोलावलं नाही, त्यांनाही दुखण्याखुपण्याच्या निमित्ताने जायला डॉक्टर होताच. जेवून उठलेल्याला पुन्हा ताट वाढलं आणि त्याचं वजन वाढलं नाही, म्हणून अन्नात दम नाही असा निष्कर्ष काढायचा का? आपल्याकडची स्थिती वेगळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींवर आणि उच्च रक्तदाबाचे एकतीस कोटींवर. यातल्या फार मोठ्या हिश्शाला आपल्याला काही आहे याचा पत्ताच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या शेकडा दोनसुद्धा भरल्या नाहीत.

शहाण्यांचा राग ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजवर असेल तर मात्र तो रास्त आहे. प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा बहुधा अशी आखलेली असते की शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्या बाहेर पडावीत. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही एखादा आकडा लाल निघण्याची शक्यता चौसष्ट टक्के! त्या लाल आकड्यामागे मग सोनोग्राफी, सोनोग्राफीमागे आणखी काही. एवढं होऊनही त्या सत्तर-ऐंशी आकड्यांत एक गोष्ट नसतेच.

ती म्हणजे तोंड. विड्यांचे कारखाने आणि सुपारी-गुटख्याचे ठेले ज्या शहराच्या अंगवळणी पडलेत, तिथे डॉक्टरने पहिल्यांदा काय बघावं? ‘आ’ करायला सांगावं. पेशंटने स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधून आत घालावीत. निरोगी तोंडात ती बसतात. दोनच बसली, तर सुपारीने आतली कातडी आवळत आणली असावी, अशी शंका घ्यायची. मग टॉर्च मारून गालाच्या आतून बोट फिरवायचं. कुठे पांढुरका चट्टा, कुठे दोरीसारखी ताठ शीर हाताला लागते. कर्करोगाच्या आधीची ही पायरी ओळखायला दोन मिनिटं लागतात. बॅगवाल्या पोराच्या कुठल्याच नळीत ती सापडत नाही.

मंडन इथूनच सुरू होतं. नेहमीच्या तपासणीचा जीव चाचण्यांच्या यादीत नसतो, ती करणाऱ्या माणसात आणि त्याच्या नेहमी तिथे असण्यात असतो. जबलपूरला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. डॉ. मुनीश्वरचंद्र डावर १९६७ मध्ये इथूनच एमबीबीएस झाले, १९७१च्या युद्धात लष्करात डॉक्टर होते आणि १९७२पासून याच शहरात रुग्ण पाहत बसले. फी दोन रुपयांपासून सुरू झाली आणि वाढून वाढून वीसवर थांबली. २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ४ जुलै २०२५ला ते गेले. सगळ्यांनी त्यांच्या दानतीचं कौतुक केलं आणि ते योग्यच. पण त्रेपन्न वर्षं एका गावात बसलेल्या डॉक्टरकडे आजी, लेक आणि नात अशा तिघी येऊ शकतात. आजीला साखर होती हे नातीच्या कागदावर नसलं तरी त्याच्या डोक्यात असतं. शिवाय फी वीस असली की आजारी नसतानाही डोकावता येतं. हे दुसरं कौतुक कुणी फारसं केलं नाही.

ही भाबडी आठवण नव्हे. नॉर्वेत पंचेचाळीस लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निकाल २०२२च्या सुमारास आले. एकच डॉक्टर पंधरा वर्षांहून जास्त टिकला, तर वर्षभरच टिकलेल्यांच्या तुलनेत मृत्यूची शक्यता सुमारे पंचवीस टक्क्यांनी आणि अचानक इस्पितळात भरती होण्याची अठ्ठावीस टक्क्यांनी कमी दिसली. अशा पाहणीतून कार्यकारण ठामपणे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून चालवलेला प्रयोग तर नीट तुलना करून केलेला होता. दहावी शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून ठरावीक अंतराने, पातळ केलेल्या ॲसेटिक आम्लाने गर्भाशयमुख तपासून घेतलं. दीड लाख स्त्रियांतून त्या कर्करोगाचे मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, पॅकेज नाही.

काही गोष्टी दरवर्षी करायच्याही नसतात. जबलपूरलाच आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी आयसीएमआरची संस्था १९८४ पासून आहे आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिच्या कामाचा मोठा भाग. कुणी सिकलसेलचा नुसता वाहक असेल तर ते आयुष्यात एकदा कळलं की पुरे, फक्त लग्नाआधी कळायला हवं. कुणाला काय, किती वेळा, हे ठरवणारा माणूस लागतो तो इथे.

‘किती वेळा’ याचं गणित बघायचं तर रेल्वे घ्या. पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय याच शहरात. लोको पायलटची ‘पीएमई’, म्हणजे ठरावीक मुदतीने होणारी वैद्यकीय तपासणी, पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. डोळे, रंगांची ओळख, रक्तदाब, साखर, सगळं बघतात. तारीख जवळ आली की रनिंग स्टाफच्या घरी आमटीतलं मीठ आपोआप कमी होतं म्हणतात! ही काळजी मुळात मागच्या डब्यांतल्या प्रवाशांसाठी, ड्रायव्हरच्या दीर्घायुष्यासाठी नव्हे. तरी वय वाढेल तसं अंतर कमी करायचं, हे शहाणपण कुठल्याही पॅकेजपेक्षा सरस. निवृत्तांसाठीही रेल्वेची आरोग्य योजना आहे, आजारी पडलं तर इस्पितळाचं दार उघडं आहे. बंद होतं ते बोलावणं. साठाव्या वर्षी निरोपाला शाल मिळते, श्रीफळ मिळतं, भिंतीवरचं घड्याळ मिळतं. पुढच्या मेडिकलची तारीख कुणी देत नाही.