माजघराचा रंग

दिवाळी जवळ आली की घरोघरी भिंतींना रंग देण्याचा विचार सुरू होतो आणि त्याबरोबर वादही सुरू होतात. नातवाने शेजारच्या नव्या घरातील गडद निळी भिंत पाहिलेली असते. आपले माजघर तसेच व्हावे, असा त्याचा हट्ट असतो. आजीला पांढऱ्या चुन्यावाचून दुसरे काही रुचत नाही. बहुधा जो मोठ्याने बोलतो, त्याचा रंग भिंतीला लागतो. वस्तुतः हा प्रश्न माणसांना विचारण्यापूर्वी खोलीला विचारावयास हवा.

जुन्या घरातील माजघर मधोमध असते. त्याला बहुधा खिडकी नसते. ओसरीच्या दारातून येईल तेवढाच उजेड. पांढरी भिंत अंगावर पडलेला बराचसा प्रकाश परत फेकते आणि तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जात कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. गडद निळी भिंत त्यातील पुष्कळसा गिळून टाकते. अशा खोलीत आजीला तांदूळ निवडता येणार नाहीत आणि नातवालाही भर दुपारी दिवा लावून वाचावे लागेल. तेव्हा माजघराच्या भिंतींपुरता कौल चुन्याला द्यावा, हेच योग्य.

चुन्याची रीत मोठी मौजेची आहे. चुनकळी पाण्यात टाकताच पाणी उकळू लागते. (त्या वेळी मुलांनी दूरच राहावे, उडालेल्या एका थेंबानेही डोळ्यास इजा होते.) ओला हात दिलेली भिंत प्रथम मळकट दिसते आणि वाळता वाळता उजळते. चुन्याची पिवळसर झाक लपावी म्हणून त्यात चिमूटभर नीळ घालतात. म्हणजे आजीच्या पांढऱ्या रंगातही थोडा निळा असतोच!

परंतु आजीचे सारेच खरे नाही. भिंत, चौकट, पायरी असे सर्वच पांढरे केले, तर पायरीची कड दिसत नाही. उतारवयात डोळ्यांना दोन फिकट रंगांतील भेद चटकन कळत नाही, आणि ठेच लागते ती आजीलाच. येथे नातवाचा निळा रंग उपयोगी पडतो. चौकट, उंबरठा आणि पायरीची कड त्या गडद रंगाने रंगवावी. मात्र लाकडासाठी तयार रंगाचा डबा घेताना तो नीट पाहून घ्यावा. 2016 च्या नियमांनुसार घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे असता कामा नये. उंबरठ्याचा रंग झिजतो आणि रांगत्या मुलाचा हात तेथूनच तोंडात जातो.

रंग ठरविण्यापूर्वी दोन्ही रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर ओढून पाहावेत. सकाळी दारातील उजेडात जो निळा खुलतो, तोच रात्री पिवळ्या दिव्याखाली काळपट दिसतो. आजी आणि नातू यांनी ते पट्टे दोन्ही वेळा एकत्र उभे राहून पाहावेत आणि मगच रंगाऱ्याला बोलवावे.