कपाटातली दहा वर्षे

गेल्या महिन्यात कामशेतच्या चार-पाच पोरांनी एअर रायफलींवर स्कोप, म्हणजे नेमाच्या दुर्बिणी, बसवायचे ठरवले आणि सल्ला विचारायला गेली एका जाणत्या गृहस्थांकडे. गृहस्थ जुने, नेमबाजांत उठबस असलेले. त्यांचा शब्द आमच्या भागात कोणी खाली पडू देत नाही. त्यांनी पोरांना जे सांगितले ते ऐकून माझी झोप उडाली, म्हणून हे लिहायला बसलो.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. स्कोप महागातलाच घ्यावा, तोच टिकतो. घेताना दुकानाच्या दारात उभे राहून लांबची पाटी वाचून पाहावी. अक्षरे स्वच्छ दिसली की माल चोख. कंपनीची आजन्म गॅरंटी असेल तर डोळे मिटून घ्यावा. लोणावळ्याच्या पावसात तसे काहीच टिकत नाही, पण निदान महागडा तरी घ्या. आणि या सगळ्याला पुरावा काय, तर ‘माझा स्कोप दहा वर्षे झाली, एकदाही कुरकुर नाही.’

किरकोळ मुद्दे आधी निकालात काढतो. गॅरंटी म्हणजे बिघडल्यावर बदलून देण्याचे वचन. माल बिघडणार नाही असे त्यात कुठेच लिहिलेले नसते. ऑलिंपिकचे खेळाडू स्कोप वापरत नाहीत, म्हणजे त्यांचाही स्कोपवर विश्वास नाही, असेही त्यांनी ठोकून दिले. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले ते भोकाच्या साइटवर, हे खरे. पण त्या प्रकारात दुर्बीण लावायला नियमच परवानगी देत नाहीत. इथे भरवशाचा काय संबंध?

भिंगाच्या स्वच्छतेचे सांगतो. स्कोपच्या नळीत आणखी एक बारीक नळी असते. वरच्या आणि बाजूच्या बटणांचे स्क्रू तिला एका अंगाने दाबतात आणि समोरून स्प्रिंग तिला रेटून धरते. बटण एक क्लिक फिरवले की ही नळी केसभर हलते आणि नेम सरकतो. स्प्रिंग कमजोर असली की रायफलीच्या हादऱ्याने नळी जागा सोडते आणि भिंग मात्र तसेच लख्ख राहते. त्यातून आपल्याकडच्या बहुतेक एअर रायफली स्प्रिंगच्या. त्यांचा धक्का दुहेरी असतो: पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन टोकाला आपटताच पुढे उसळते. मोठ्या बंदुकीचा मागे येणारा धक्का आरामात सोसणारे महागडे स्कोप या पुढच्या उसळीने खिळखिळे झालेले मी पाहिले आहेत. पोरांनी किमतीकडे पाहण्याआधी ‘हा स्प्रिंगच्या रायफलीला चालतो का’ एवढे विचारले असते तरी पुष्कळ होते. गृहस्थांनी तो प्रश्न त्यांना सुचवलासुद्धा नाही.

आता ती दहा वर्षे. मला खरा राग याचाच आहे. दहा वर्षे म्हणजे किती छर्रे? मी पोरांकरवी विचारले. उत्तर आले, दिवाळीत आणि मे महिन्यात मिळून शे-सव्वाशे. बाकीचा काळ रायफल खोळीत आणि खोळ कपाटात. म्हणजे दहा वर्षांत हजार-बाराशे छर्रे. सराव करणारा पोरगा तेवढे एका महिन्यात मारतो! कपाटात ठेवलेला स्कोप दहा वर्षे टिकला, यात स्कोपने काय केले? शिवाय दर वर्षी पहिले काम म्हणजे रायफल पुन्हा झिरो करणे, म्हणजे नेम धरला तिथेच छर्रा पडेल असे जुळवणे, असे त्यांनी स्वतःच कौतुकाने सांगितले. अहो, दर वर्षी पुन्हा झिरो करावी लागते हीच ती कुरकुर! स्कोप रायफलीला धरून ठेवणारा माउंट सरकत असेल किंवा आतली नळी, पण काहीतरी सरकते आहे आणि तुम्ही त्याला वार्षिक पूजा समजता.

समजा त्यांनी भरपूर छर्रे मारले असते, तरी तो एक नग. शंभरातले तीस नग खराब निघणारे एखादे मॉडेल असेल, तर दहापैकी सात जण छातीठोकपणे सांगतील की आमचा उत्तम चालतो. सातही जण खरे बोलत असतील आणि मॉडेल तरीही वाईटच असेल. उरलेले तिघे सहसा बोलत नाहीत, कारण नेम चुकला की माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो.

हाच वाद मी नागफणीच्या कड्याखाली वीस वर्षांपूर्वी घातला आहे. तेव्हा विषय होता चढाईच्या दोराचा. एक जण म्हणे, बारा वर्षे हाच दोर वापरतोय, अजून तुटलेला नाही. मी म्हणालो, दोराने झटके किती खाल्ले आणि ऊन किती खाल्ले ते सांग. त्याला सांगता येईना, आणि दोर टाकवेना. त्या दिवशी मी त्या दोरावर चढलो नाही आणि पुष्कळांनी मला भित्रा ठरवले. आजही तो दोर माझ्यापुढे आणला तर मी चढणार नाही.

पावसाचेही तसेच. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहराच्या पाचपटीहून जास्त. इथे ओल भिंतीत शिरते, तांदळात शिरते, कपड्यांत शिरते. पण एसी गाडीतून खंडाळ्याला उतरल्यावर भिंगावर बाहेरून वाफ धरली म्हणून स्कोप वाईट ठरत नाही; ती रुमालाने पुसली जाते. वाफ आतून धरली तर रबरी रिंग गळते आहे आणि आत भरलेला नायट्रोजन निघून गेला आहे. आतून आणि बाहेरून, एवढा फरक न करता ‘आपल्याकडे काहीच टिकत नाही’ म्हणणे हा आळस आहे.

मग पारखायचे कसे? मी करतो ते सांगतो. मागे भक्कम मातीचा बांध असलेल्या जागी 25 मीटरवर कागद लावायचा. स्कोप बसवल्यावर माउंटची रिंग आणि स्कोपची नळी यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. रेघ तुटली तर माउंट सरकला, स्कोपला दोष नाही. ही रेघ मी ओढली नव्हती म्हणून एकदा चांगला स्कोप परत पाठवून बसलो होतो. पुढच्या रिंगचा स्क्रू ढिला होता. मग पाच छर्रे मारायचे. पाव मिनिटाचे (कोनाचे मिनिट, वेळेचे नव्हे) क्लिक असतील तर 40 क्लिक वर घ्यायचे. छर्रे सुमारे 73 मिलीमीटर वर पडले पाहिजेत. 40 क्लिक खाली आणून पुन्हा पाच. ते पहिल्याच भोकांत मिसळले पाहिजेत. मग रायफल गाडीत टाकून पवना धरणाच्या रस्त्याने एक फेरी मारायची आणि बटणाला हात न लावता पुन्हा पाच. हे महिनाभर, निदान पाचशे छर्रे, आणि दर वेळी वहीत तारीख घालून. शेवटी कोमट पाण्याच्या बादलीत स्कोप दहा मिनिटे बुडवायचा. बुडबुडे सुटले तर दुकानदाराकडे परत. जो जलरोधक म्हणून विकलेला नाही, तो मात्र बुडवू नका, आणि पावसाळ्यात बाहेरही काढू नका.

एवढ्याने तुमच्या हातातला नग कळेल. मॉडेल कळायला अशा दहा-वीस जणांच्या वह्या शेजारी ठेवाव्या लागतील.

पोरांनो, स्कोप कोणाचाही घ्या, पण वही आजच करा. माझी माझ्या घरी आहे, कधीही येऊन पाहा. आणि छर्रे कागदावरच मारा. पाखरावर रायफल उचलणाऱ्याला माझ्या अंगणात जागा नाही.