सावळीच्या ताटलीत शेवभाजी नको

निवाऱ्यातून आणलेली आमची कुत्री सावळी घरी आल्याचं मागच्या आठवड्यात लिहिलं आणि पाहुण्यांची रीघ लागली. रिकाम्या हाताने कुणी येत नाही. ग्लुकोजची बिस्किटं, फरसाण, पिशवीतलं दूध. धुळ्याची मावशी तर डब्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी घेऊन आली. भाकरी कुस्करून वर रस्सा ओतणार, तोच मी ताटली उचलली. मावशी दुखावली. "खाऊ दे ना तिले, काय व्हस? आमच्या दारचे कुत्रे हेच खाऊन मोठे झाले."

असं वाटणारी मावशी एकटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करता येईल, मात्र ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असं म्हटलं. तेव्हापासून जळगावात मला भेटणारे बरेच जण दत्तक कसं घ्यायचं ते विचारतात. घरी आणल्यावर खायला काय घालायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते सगळ्यांना माहीतच असतं!

मावशीची माया खरी आहे, म्हणूनच तिला नीट सांगायला हवं होतं. आपल्या रश्श्याचा जीव भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात आणि लसणात. नेमके कांदा आणि लसूणच कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कांदा भाजा, तळा, वाळवून मसाल्यात कुटा, त्याचा तो गुण जात नाही. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात फरक दिसू लागतो. रोज थोडा थोडा गेला तरी नुकसान साचत जातं. त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिकट पडतात, लघवी लालसर होते, कुत्रं मलूल होऊन कोपरा धरतं आणि तोवर त्या रश्श्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते. दारचे जे कुत्रे मोठे झालेच नाहीत, त्यांची मोजदाद आपल्यापैकी कुणी ठेवली?

त्यात सावळीचं रक्त आधीच अशक्त. तिच्या कानाच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचिड्या भिजल्या मुगासारख्या टम्म फुगून बसल्या होत्या. या गोचिड्यांतून एर्लिकियाचे जंतू रक्तात शिरतात, प्लेटलेट्स घटतात, आणि कधी कधी महिनोन्महिने वरून काहीच कळत नाही. निवाऱ्यातून आणलेलं कुत्रं वरून कितीही चांगलं दिसो, आधी त्याचं रक्त तपासून घ्या, असं मी हट्टाने सांगेन. सावळीच्या प्लेटलेट्स कमी निघाल्या. डॉक्टरांनी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलंय. ती गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटून पडते, म्हणून जेवणासोबत द्यायची, पण दुधासोबत नाही. दूध तसंही बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, पोट बिघडतं.

सुरुवातीला सावळी ताटलीला तोंडच लावत नव्हती. जागा नवी, माणसं नवी. भेदरलेलं जनावर खाणार कसं? निवाऱ्यात काय खात होती ते विचारून तेच दिलं: मऊ भात आणि उकडलेलं, हाडं काढलेलं चिकन. शिजलेल्या हाडाच्या टोकदार चिरफळ्या होतात, त्या आतडं फाडू शकतात. भाकरीही मिळेल तिला, पण आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत. पिल्लू असेल तर मात्र ते खाईल याची वाट पाहत थांबू नका. खाणं सोडलं, उलट्या झाल्या, रक्ताचे जुलाब लागले, तर तो पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

मावशीने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आणू काय तिच्यासाठी?" मावशी, उकडलेलं अंडं आण. मीठ लावू नकोस, आणि द्यायच्या आधी मला दाखव.