मुलांचं विमान, आयांची सभा

मैत्रिणींनो, तुमच्या घरातली चांगली कात्री हरवली, पोळपाटावर फेव्हिकॉलचे डाग दिसले आणि गणपतीच्या मखराचा माळ्यावर जपून ठेवलेला थर्माकोल एका रात्रीत नाहीसा झाला, तर समजावं की घरात कुणीतरी विमान बांधतंय. आमच्याकडे गेली तीन वर्षं हेच चाललंय. आमचा धाकटा नववीत आणि जाऊबाईंची मुलगी अकरावीत. दोघंही आमच्या बीडातल्या मुलांच्या एका मंडळात जातात. एक निवृत्त विज्ञान शिक्षक ते चालवतात. सतरा मुलं, त्यांत पाच मुली. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या माळावर ही मंडळी आपापली छोटी विमानं उडवतात.

मला आधी वाटायचं, हा पतंगाचाच एक महागडा प्रकार. तसं नाही, बरं का. पहिल्या वर्षी मुलांना फक्त हाताने फेकायचं विमान करायला देतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद नाहीतर थर्माकोल, आणि नाकाशी थोडी मातीची गोळी. ते सरळ तरंगत गेलं की मग पीळ दिलेल्या रबरावर फिरणाऱ्या पंख्याचं विमान. मोटर, बॅटरी आणि हातातल्या रिमोटवर चालणारं विमान त्यानंतर. रबराची युक्ती तर दीडशे वर्षांपूर्वीची. आल्फोंस पेनो नावाच्या तरुण फ्रेंच माणसाने ऑगस्ट १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत असं रबराचं विमान अकरा सेकंद उडवून दाखवलं. त्याच्याच धर्तीचं, बांबू, बूच, कागद आणि रबराचं एक खेळणं अमेरिकेत एका बापाने १८७८ साली आपल्या दोन मुलांसाठी आणलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट, अकरा आणि सात वर्षांची.

इथवर पुस्तकात सगळे सांगतात. आईचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सुझन राइट ही गाड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी. बापाच्या कारखान्यात हत्यारं हाताळायला शिकली होती. घरातल्या वस्तू तीच दुरुस्त करायची, मुलांना खेळणी करून द्यायची. मुलांना काही अडलं की ती वडिलांकडे नाही, आईकडे जायची. पुढे १९०३ साली मुलांचं खरं विमान उडालं, ते बघायला ती नव्हती. क्षयाने १८८९ मध्येच गेली. कात्री हरवली म्हणून मी आरडाओरडा करते तेव्हा पुतणी मला हीच गोष्ट ऐकवते, आणि मग मला ओरडताही येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आश्विनात, पाऊस सरल्यावर, मंडळाची सहल कपिलधारला गेली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात हे ठिकाण आहे. संत मन्मथस्वामींची समाधी आहे, शेजारी उंच कड्यावरून धबधबा पडतो. तो पावसापुरताच, उन्हाळ्यात कातळ नुसता कोरडा. कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, लांबलांबून दिंड्या येतात. तेव्हा गर्दीत विमानाचं नावही काढायचं नाही, हे मंडळाचं जुनंच ठरलेलं. म्हणून ही सहल यात्रेच्या आधी. दर्शन घ्यायचं, भाकरी-ठेचा खायचा, आणि देवस्थानापासून बरंच अलीकडे, वरच्या मोकळ्या माळावर विमानं उडवायची असा बेत. आम्ही दोघी जावा सोबत होतो.

सकाळी सातला वारा पडलेला होता. दोन तास सुरेख गेले. नऊनंतर ऊन तापलं आणि वारा माळावरून दरीकडे वाहायला लागला. सर म्हणाले, "आता आवरा." मुलं म्हणाली, "एकच." या "एकच"ला मी तरी आता फार घाबरते. आमच्या धाकट्याचं विमान वाऱ्याबरोबर कड्यापलीकडे गेलं आणि तिथे एकदम खाली बसलं. सरांनी नंतर समजावलं ते असं: वारा दरीतून वर येत असेल तर कड्यावर विमान उचललं जातं, पण वारा माळावरून दरीत उतरत असेल तर कड्याच्या पलीकडे हवा खाली ओढते आणि भोवऱ्यासारखी फिरते. हलक्या विमानाचं तिथे काही चालत नाही.

पण हे नंतर. त्या क्षणी मी पाहिलं ते एवढंच, की माझा मुलगा रिमोट हातात धरून, वर आभाळाकडे बघत, कड्याच्या दिशेने पळतोय. गवत ओलं, खडकावर शेवाळ. माझ्या तोंडून आवाज फुटेना. बकऱ्या चारणारे एक म्हातारे काका होते, त्यांनी काठी आडवी घातली आणि त्याचं दंड धरून त्याला खाली बसवलं. कडा तिथून वीस पावलं असेल, नसेलही. काका त्याला म्हणाले, "इमान काय पळून जातंय का लेकरा?" मग बकऱ्या आमच्या ताब्यात देऊन ते वळसा घालून त्यांच्या वाटेने खाली उतरले आणि तासाभराने झाडात अडकलेलं विमान घेऊन आले. पंख मोडलेला, पोट फाटलेलं. पैसे घेईनात, भाकरी तेवढी घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा मजकूर लिहिलाही नसता. त्याच रात्री अकराच्या सुमारास मला गोडसर, औषधासारखा वास आला. चिरंजीवांनी विमानातली बॅटरी काढून, कुणाला न सांगता, माजघरात गादीजवळच चार्जिंगला लावलेली. ती पापडासारखी फुगली होती. मी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, लोखंडी तव्यावर ती हलकेच सरकवली, अंगणात नेली आणि कुंडीतली कोरडी वाळू वर ओतली. नशीब, पेट घेतला नव्हता. रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून या बॅटरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ती आता फक्त विमानात नाही, मुलांच्या खेळण्यातल्या मोटारींतही येते. लिथियमची मऊ, चपटी बॅटरी असते. ती आपटली, टोचली गेली किंवा जास्त भरली तर आत गरम होत जाते आणि पेटू शकते. आपटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायचीच नाही, वरून धड दिसली तरी नाही. चार्जिंग नेहमी कुणीतरी समोर जागं असताना, तिच्यासाठीच असलेल्या चार्जरवर, फरशीवर किंवा मातीच्या कुंडीत ठेवून. गादी, पडदा, लाकडी कपाट यांपासून लांब. झोपताना कधीही नाही. फुगलेली बॅटरी सुईने टोचून हवा काढू नका (आमच्या शेजारच्या भाऊजींनी हाच सल्ला दिला होता!) आणि कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. वाळूत ठेवून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या. आणि एकदा ज्वाळा दिसल्या तर तिला हातच लावू नका. आधी माणसं बाहेर काढा, मग ११२ ला फोन करा.

दुसरी गोष्ट डिंकाची. थर्माकोलला फेव्हिकॉल चालतो, वेळ लागतो एवढंच. चपलांचं सोल्युशन किंवा झटपट चिकटणारा पातळ डिंक लावला तर थर्माकोल विरघळून भोकं पडतात. तो झटपट डिंक सुती कापडावर सांडला तर कापड चटका बसण्याइतकं तापतं, तेव्हा हात पुसायला धोतराचं फडकं देऊ नका. बोटं चिकटली तर ओढायची नाहीत, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवायची. टेबलावर मोटर तपासताना पंखा काढून ठेवायला लावा. तो दिसतो एवढासा, पण बोट कापतो. विजेच्या तारेवर विमान अडकलं तर ते वीजमंडळाच्या माणसाचं काम. काठी, बांबू, गळ काही नाही.

बरं, दुसऱ्या दिवशी घरात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. "हे" म्हणाले, मंडळ बंद. जाऊबाई म्हणाल्या, मग पोरीचंही बंद, आधीच अकरावीचा अभ्यास. धाकटा गप्प. पुतणी मात्र म्हणाली, "काकू, दिवाळीनंतर मंडळाची वार्षिक सभा आहे. तुम्ही आया कधीच येत नाही. एकदा या, मग बंद करा."

गेलो. आम्ही सात बायका. मंडळाला सहा वर्षं झाली, पण सभेला आया येण्याची ती पहिलीच वेळ. सर जरा गडबडले, मग सतरंजी वाढवली.

जमाखर्च वाचला. महिना पन्नास रुपये वर्गणी, सतरा मुलं, म्हणजे वर्षाचे १०,२०० व्हायला हवेत; आले ८,६५०. थर्माकोल, फोमच्या शीट आणि डिंक २,३४०, दोन बॅटऱ्या व चार्जर ३,९००, सहलीची गाडी १,८००, शिल्लक ६१०. हिशेब चोख होता, त्याबद्दल शंका नाही. मी विचारलं, औषधाच्या पेटीचे किती? सरांनी कागद उलटसुलट केला. "निरंक." वाळूची बादली? तीही निरंक. जाऊबाई सहसा चारचौघांत बोलत नाहीत, पण त्या म्हणाल्या, "सर, सगळं विमानावर खर्च झालंय, लेकरांवर काहीच नाही." सरांनी मान खाली घातली. भला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे शिल्लक ६१० रुपये पेटीकडे वळवले.

मग नियम ठरले. विमान आकाशात असताना उडवणाऱ्याने जागचं हलायचं नाही. त्याच्याशेजारी एक जण फक्त जमिनीवर लक्ष ठेवणारा. कड्यापासून, विहिरीपासून, तारांपासून लांब. वारा सुटला की "एकच" नाही. पडलेलं विमान आणायला मोठ्या माणसाशिवाय कुणी जायचं नाही, आणि गेलं तर गेलं. उभ्या तुरीत, कपाशीत पाय घालायचा नाही. मालकाला विचारूनच वावरात उतरायचं. गावाजवळ जायचं असेल तर आधी सरपंचांना सांगायचं. याला कारण आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून पुणे, नगर, बीडकडच्या गावांत लोक धास्तावले होते. आकाशात काही गुणगुणलं की लोक अजून वर बघतात. सरांनी कायदाही सांगितला. २०२१ च्या ड्रोन नियमांत ही रिमोटची विमानंही धरली आहेत. मोकळ्या म्हणजे हिरव्या क्षेत्रात वर १२० मीटरपर्यंतच, लाल क्षेत्रात परवानगीशिवाय मुळीच नाही. आपली जागा कुठल्या रंगात येते हे सरकारी नकाशावर आधी बघायचं. दोन किलोपर्यंतच्या हौशी विमानाला उडवणाऱ्याचा परवाना लागत नाही, पण जबाबदारी सुटत नाही.

सभा संपत आली तेव्हा पुतणी उठली. हातात सरांचीच नोंदवही. म्हणाली, "सर, वर्षभरात रिमोटवर एकशे बारा उड्डाणं झाली. मुलींची नऊ. आम्ही पाच जणी आहोत. या वर्षीच्या अकरा विमानांपैकी सात विमानांचे पंख आम्ही केलेत."

खोलीत शांतता पसरली. एक मुलगा म्हणाला, त्यांचा हात डिंकाला चांगला आहे. दुसरा म्हणाला, त्या पाडतील, मग महाग पडतं. यावर पुतणीने फक्त माझ्या धाकट्याकडे पाहिलं. तो लाल झाला, आणि मग तोच म्हणाला, "पाडलं तर मीच पाडलंय."

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला त्या नऊच्या आकड्याने कड्यापेक्षा जास्त टोचलं. कारण घरात मीही हेच करत आले. धाकट्याला माळावर सोडायला त्याचे बाबा स्कूटरवर जायचे आणि पुतणीला मी म्हणायची, "तू पंख करून दे, उन्हात कुठे जातेस?" डिंक लावणं, इस्त्री करणं, टाके घालणं हे तिचं, आणि उडवणं त्याचं. कुणी ठरवलं नव्हतं, तरी ठरलेलंच होतं. तिला पुढे छात्रसेनेच्या हवाई विभागात जायचंय. हा विभाग १ एप्रिल १९५० ला मुंबई आणि कलकत्त्याला एकेका स्क्वाड्रनने सुरू झाला, आणि विमानांच्या प्रतिकृती बांधणं, उडवणं हे तिथल्या शिक्षणातच आहे. जून २०१६ मध्ये हवाई दलाने तीन मुलींना लढाऊ विमानांसाठी घेतलं, त्यांची नावं तिला तोंडपाठ. आणि आमच्या माळावर तिच्या वाट्याला वर्षात दोन वेळा रिमोट!

सभेत असं ठरलं की वहीत पाळी लिहायची. हजर असलेल्या प्रत्येकाला एक एक उड्डाण, मग दुसरी फेरी. ज्याने बांधलं त्याला पहिलं उड्डाण. सरांनी सही केली, आम्हा आयांपैकी दोघींची वर्षभरासाठी देखरेखीवर नेमणूक झाली. त्यांतली एक जाऊबाई. त्या "नको, नको" म्हणत होत्या, पण उठून पदर खोचलाच.

घरी "ह्यांना" पटवायला चार दिवस लागले. बॅटरीचा डबा आता अंगणात कुंडीशेजारी आहे, किल्ली माझ्याकडे. धाकट्याला महिनाभर रिमोट नाही. जमिनीवर लक्ष ठेवण्याचं काम त्याने आपण होऊन घेतलं. मोडलेला पंख पुतणीने बांबूची चीप घालून जोडला, माझ्याच कात्रीने.

या रविवारी तिची पहिली पाळी आहे. पहाटे पाचला उठून ज्वारीच्या भाकरी टाकायच्या, सोबत लसणाची चटणी. बकऱ्यांच्या काकांसाठी वेगळी शिदोरी बांधणार आहे, कारण परत येताना कपिलधारला जाऊन त्यांना भेटायचं ठरलंय. जाऊबाईंनी कालच विचारलं, "रिमोट जड असतो का हो ताई?" म्हटलं, लाटण्याहून थोडा जड.